बॅटरीवाचून प्रकाशमापन : पेरोव्स्काइटचे संवेदक

नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे नावही ज्यांनी ऐकलेले नाही, अशा कोट्यवधी नागरिकांच्या बोटावर त्या प्रयोगशाळेची खूण उमटून गेलेली आहे. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई याच प्रयोगशाळेत सिद्ध झाली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रथम वापरली गेली. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीवर लागल्यानंतर उजेड पडला की ते काळवंडते आणि डाग पक्का होतो. शाई प्रकाशाला प्रतिसाद देते यात शंका नाही. परंतु ती प्रकाश मोजत नाही. एकदा काळी पडलेली शाई पुन्हा पूर्ववत् होत नाही आणि उजेड किती होता हेही ती सांगत नाही. प्रकाशाला प्रतिसाद देणे आणि प्रकाश मोजणे यांत किती अंतर आहे, हे पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थांच्या कथेत जसे दिसते तसे क्वचितच अन्यत्र दिसेल.

मापनाची पहिली अट अशी की, तोच प्रकाश आज पडला काय किंवा सहा महिन्यांनी पडला काय, उपकरणाने तोच आकडा दाखविला पाहिजे. ही अट किती कडक आहे हे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेइतके दुसऱ्या कोणत्या भारतीय संस्थेला ठाऊक असेल? ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली, २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांनी तिच्या वास्तूचे उद्घाटन केले आणि के. एस. कृष्णन् तिचे पहिले संचालक झाले. मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्याप्रमाणेच प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक जे कँडेला, त्याचेही राष्ट्रीय प्रमाण सांभाळण्याची जबाबदारी या संस्थेकडे आहे.

प्रकाशाचे विजेत रूपांतर करून तो मोजण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रकाश पडला असता पदार्थाचा विद्युत्‌रोध कमी होतो. हा फरक जाणून घ्यायचा तर पदार्थातून बाहेरून प्रवाह सोडावा लागतो. म्हणजे बॅटरी आली. तिन्हीसांजेला रस्त्यावरचे दिवे आपोआप लावणाऱ्या पुष्कळ जुन्या उपकरणांत कॅडमियम सल्फाइडची अशीच एक लहानशी चकती असे. दुसऱ्या मार्गात प्रकाश स्वतःच पदार्थात विद्युत्‌दाब निर्माण करतो आणि त्या दाबाने वाहणारा प्रवाह हाच प्रकाशाचा आकडा होतो. येथे मोजला जाणारा प्रकाशच मापनाला लागणारी शक्ती पुरवतो. अशा साधनाला स्वयंऊर्जित संवेदक म्हणतात.

कल्पना नवी नाही. समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींची चाचणी घेण्याच्या कामात असताना उजेडात सेलेनियमचा रोध घटतो असे आढळले आणि विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याने ते १८७३ मध्ये जाहीर केले. तीनच वर्षांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजातील विल्यम ग्रिल्स अ‍ॅडम्स आणि रिचर्ड इव्हान्स डे यांना दिसले की, बॅटरी काढून टाकली तरी केवळ उजेडाने सेलेनियममध्ये प्रवाह वाहतो. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून छायाचित्रकारांच्या हाती आलेले सेलेनियमचे प्रकाशमापक याच तत्त्वावर चालत. त्यांत बॅटरी नसे. खिडकीकडे धरले की काटा हले. जुन्या स्टुडिओंच्या कपाटात असा एखादा मापक अजूनही सापडतो आणि पुष्कळदा त्याचा काटाही हलतो. मात्र तो खरे सांगतो असा भरवसा धरता येत नाही, कारण सेलेनियम वयाबरोबर क्षीण होत जाते. या दोषाची आठवण पुढे ठेवावी लागेल.

हवामानशास्त्रात तर स्वयंऊर्जित मापन रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. सूर्याचे प्रारण मोजणाऱ्या प्रारणमापकात काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती असते. ती तापली की खालच्या धातूंच्या जोड्यांत काही मिलिव्होल्ट इतका दाब आपोआप उत्पन्न होतो. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात भारतभर अशा मापकांचे जाळे उभारले गेले, त्यामागे अ‍ॅना मणी यांचे परिश्रम होते. पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणे देशात घडविणे आणि त्यांचे अंशशोधन करणे, म्हणजे प्रत्येक उपकरण मान्य प्रमाणाशी ताडून पाहणे, या कामी त्यांनी कित्येक वर्षे वेचली. १९६९ मध्ये त्या दिल्लीला गेल्या. चुकीचे मापन हे मापन नसण्यापेक्षा वाईट, हा त्यांच्या कामाचा दंडक होता असे त्या कामाकडे पाहून म्हणता येते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची भारतीय सौर प्रारणाची माहिती-पुस्तिका सौरऊर्जेच्या अभियंत्यांना दीर्घकाळ आधारभूत ठरली. या प्रारणमापकाचा दोष एवढाच की, तो सावकाश चालतो. चकती तापायला आणि निवायला काही सेकंद जातात. शिवाय मंद उजेडात त्याचा दाब इतका अल्प असतो की, तो हाती लागत नाही.

सिलिकॉनने हा दोष दूर केला. १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगापुढे ठेवला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनेस्को व भारत सरकार यांनी वारा आणि सूर्य यांच्या ऊर्जेवरील परिसंवाद नवी दिल्लीत भरविला. पुढे दिल्लीच्या सीमेवर, साहिबाबादला, १९७४ मध्ये सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. तेथे १९७७ मध्ये देशातला पहिला सौर घट आणि १९७८ मध्ये पहिले सौर पटल तयार झाले. सिलिकॉनचा प्रकाश-डायोड हा या सौर घटाचा धाकटा भाऊ होय. आज बहुतेक उपकरणांत तोच असतो. मग नव्या पदार्थाची गरज काय, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल.

त्याचे उत्तर सिलिकॉनच्या स्वभावात आहे. तो १,४१४ अंश सेल्सिअसला वितळतो. त्याचे शुद्ध स्फटिक वाढविण्यासाठी मोठे कारखाने लागतात. प्रकाश शोषून घेण्याची त्याची क्षमता मंद असल्यामुळे सौर घटासाठी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकी जाड चकती वापरावी लागते. शिवाय तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही, जवळजवळ १,१०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत, मोजत बसतो. माणसाला दिसतो तेवढाच उजेड मोजायचा असेल तर त्याच्यापुढे गाळणी लावावी लागते.

पेरोव्स्काइट हे मूळचे एका खनिजाचे नाव. १८३९ मध्ये उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यांत गुस्टाव्ह रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाला कॅल्शियम, टायटॅनियम व ऑक्सिजन यांचे हे संयुग मिळाले आणि त्याने लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजसंग्राहक अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. योगायोग असा की, प्रकाशाने विद्युत्‌दाब उत्पन्न होतो हे पॅरिसमध्ये एकोणीस वर्षांच्या एडमंड बेकरेलला दिसले तेही १८३९ मध्येच. या दोन शोधांची गाठ पडायला जवळजवळ १७० वर्षे लागली.

आता पेरोव्स्काइट हा शब्द एका खनिजापुरता राहिलेला नाही. अणूंच्या एका विशिष्ट मांडणीला तो लावतात. एक घनाकृती खोली कल्पावी. तिच्या आठ कोपऱ्यांत धातूचे आयन आहेत. दर दोन शेजारी कोपऱ्यांच्या मध्ये, कडेवर, आयोडीन, ब्रोमीन किंवा क्लोरीन यांचा एकेक आयन आहे. आणि खोलीच्या मध्यभागी एक मोठा पाहुणा बसला आहे. हा पाहुणा सीझियमसारखा धातू असेल किंवा मेथिलअमोनियमसारखा सेंद्रिय आयन असेल. कोपऱ्यांत शिसे, कडांवर आयोडीन आणि मध्ये मेथिलअमोनियम अशी रचना १९७८ मध्ये डीटर वेबर यांनी जर्मनीत वर्णिली. ती तीन दशके ग्रंथालयातच राहिली. २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने तिच्यापासून सौर घट केला, तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ३.८ टक्के ऊर्जेची वीज झाली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांची झुंबड उडाली आणि लहान घटांत हे प्रमाण २६ टक्क्यांच्या पलीकडे गेले. सिलिकॉनला या मजलेसाठी काही दशके लागली होती.

या पदार्थाचे आकर्षण त्याच्या कृतीत आहे. शिशाचे आयोडाइड आणि मेथिलअमोनियमचे आयोडाइड एका द्रावकात विरघळवतात, ते द्रावण गरगर फिरणाऱ्या काचेवर टाकतात, वेळ साधून दुसऱ्या द्रावकाचे काही थेंब सोडतात आणि काच सुमारे १०० अंशांवर काही मिनिटे तापवितात. पिवळसर थर पाहता पाहता काळपट तपकिरी होतो. एवढ्या सोप्या कृतीने तयार झालेला, मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतका पातळ थर दृश्य प्रकाशाचा बहुतांश भाग शोषून घेतो. आयोडीनच्या जागी ब्रोमीन घातले तर तोच पदार्थ हिरव्यापासून जांभळ्यापर्यंतचाच प्रकाश टिपतो. क्लोरीन घातले तर केवळ जांभळा आणि त्यापलीकडचा. आयोडीनयुक्त थराचा प्रतिसाद सुमारे ७८० नॅनोमीटरला थांबतो, आणि माणसाची दृष्टीही तेथेच मावळते. सिलिकॉनला लागणारी गाळणी येथे बरीचशी पदार्थातच सामावलेली असते.

संवेदक करताना हा थर दोन निवडक पदार्थांच्या मध्ये ठेवतात. एका बाजूचा पदार्थ, उदाहरणार्थ टिन ऑक्साइड, फक्त इलेक्ट्रॉनांना वाट देतो. दुसऱ्या बाजूचा पदार्थ इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे राहिलेल्या धन पोकळ्यांना वाट देतो. या रचनेमुळे आतच एक विद्युत्‌क्षेत्र तयार होते. प्रकाशाचा कण आत शिरून इलेक्ट्रॉन सुटा झाला की, हे क्षेत्र त्याला आणि पोकळीला परस्परविरुद्ध दिशांना खेचते. बाहेरून काहीही न जोडता प्रवाह सुरू होतो. प्रत्येक प्रकाशकणामागे फार तर एक इलेक्ट्रॉन मिळणार, त्यामुळे या प्रवाहाला नैसर्गिक मर्यादा आहे. हिरव्यापिवळ्या प्रकाशाचा एक मायक्रोवॅट पडला तर ०.४४ मायक्रोअँपियरपेक्षा अधिक प्रवाह मिळणार नाही. बाहेरून विद्युत्‌दाब देऊन याहून मोठे आकडे मिळविता येतात, पण त्यांची किंमत मोजावी लागते. दाब दिला की अंधारातही थोडा प्रवाह झिरपत राहतो, आणि मंद उजेडाचा क्षीण संकेत त्या झिरपणीत बुडून जातो.

पेरोव्स्काइटच्या बाबतीत बाह्य दाब टाळण्याला आणखी एक सबळ कारण आहे. या स्फटिकातले आयन घट्ट बसलेले नसतात. बाहेरून दाब दिला की, आयोडीनचे आयन जागा सोडून सरकू लागतात आणि त्यामुळे आतले विद्युत्‌क्षेत्रच बदलते. एका दिशेने मोजलेला आकडा उलट दिशेने मोजलेल्या आकड्याशी जुळत नाही. बाह्य दाब काढून घेतला की ही खळबळ पुष्कळ कमी होते. म्हणून पेरोव्स्काइटसाठी स्वयंऊर्जित पद्धती ही पदार्थाच्या प्रकृतीला मानवणारी पद्धती ठरते. बॅटरीचा खर्च वाचतो हा त्यातला दुय्यम लाभ. हौझ खास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या संकरित पदार्थांवर काम चालते. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गॅलियम नायट्राइड व अन्य अर्धसंवाहकांपासून बाह्य दाबाशिवाय चालणारे संवेदक तयार झाले आहेत.

‘स्वयंऊर्जित’ या शब्दाने मात्र फार हुरळून जाऊ नये. संवेदक स्वतःपुरती वीज निर्माण करतो. त्याचा प्रवाह वाढवून, आकड्यात बदलून दूरवर पाठविणाऱ्या मंडळाला वीज वेगळीच लागते. त्याच पदार्थाचा थोडा मोठा तुकडा घरातल्या दिव्याच्या उजेडावर ती वीज देऊ शकेल, अशी चिन्हे आहेत; घरगुती उजेडात या घटांनी ३० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता दाखविली आहे. तथापि विक्रीच्या पत्रकांत ‘वीज लागत नाही’ असे छापून येईल तेव्हा वाचकाने पुढचा प्रश्न विचारावा.

या पदार्थाविषयीच्या लिखाणात सौर पटल आणि संवेदक यांची गल्लत नेहमी होते. दोघांचे अंतरंग एकच असले, तरी त्यांच्याकडून होणाऱ्या अपेक्षा अगदी भिन्न आहेत. शिशाचा प्रश्न घेतला तर हे स्पष्ट होते. दिल्लीसह चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून शिसेरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी हानी ध्यानात घेऊन हे पाऊल उचलले गेले. अशा शहरात शिसे पुन्हा छपरावर चढवावे काय? मेथिलअमोनियम-शिसे-आयोडाइडमध्ये वजनाने सुमारे एक तृतीयांश शिसे असते. मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाइतका थर धरला तर एक चौरस मीटर पटलात साधारण ०.७ ग्रॅम शिसे येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये. म्हणजे पटल फुटून ते सगळे शिसे पावसात विरघळले, तर ७० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत दूषित होईल. संवेदकाला एक चौरस मिलिमीटर पुरतो. त्यातले सगळे शिसे एकाच लिटर पाण्यात उतरले तरी ते मर्यादेच्या चौदाव्या हिश्श्याइतके भरेल. या एका हिशेबावरून असे म्हणावेसे वाटते की, पेरोव्स्काइटने पटलाच्या आधी संवेदकाच्या रूपाने घराबाहेर पडावे. कारखान्यातील द्रावकांचा व सांडपाण्याचा प्रश्न अर्थात निराळा आहे आणि तो सोडविल्यावाचून उत्पादन सुरू करणे अनुचित होईल. शिशाऐवजी कथिल वापरून पाहिले गेले आहे, पण ते हवेत लवकर ऑक्सिडीकृत होते. बिस्मथ आणि चांदी यांची संयुगे टिकाऊ असली तरी त्यांचा प्रतिसाद दुबळा पडतो.

टिकाऊपणाचा हिशेब मात्र अगदी उलटा निघतो. पटलाची शक्ती वर्षात पाच टक्क्यांनी घटली तर मालकाला थोडी वीज कमी मिळेल; तोटा झाला, पण फसवणूक झाली नाही. संवेदक पाच टक्क्यांनी घटला तर तो खोटे बोलू लागतो, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. दिल्लीच्या हिवाळ्यातले उदाहरण घेता येईल. इंदिरा गांधी विमानतळावर धुक्यात धावपट्टी किती अंतरापर्यंत दिसते हे मोजण्यासाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने तयार केलेली ‘दृष्टी’ नावाची यंत्रणा बसविलेली आहे. अशा यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे : एका खांबावरून प्रकाश सोडायचा, दुसऱ्या खांबावर त्यातला किती पोहोचला हे मोजायचे आणि वाटेत किती हरपला यावरून दृश्यमानता काढायची. खांबांमध्ये ३० मीटर अंतर आहे आणि हवा अगदी स्वच्छ आहे असे समजू. प्रकाश पाच टक्के उरतो त्या अंतराला दृश्यमानता म्हणतात. आता केवळ संवेदक म्हातारा झाल्यामुळे त्याने पाच टक्के कमी प्रकाश दाखविला, तर हिशेबाने दृश्यमानता सुमारे पावणेदोन किलोमीटरच निघेल. आभाळ निरभ्र असताना उपकरण विरळ धुक्याची बातमी देईल. म्हणूनच अशा यंत्रणांची काच वरचेवर पुसतात आणि आकडे पुनःपुन्हा ताडून पाहतात. हवेतले धूलिकण मोजणाऱ्या लहान उपकरणांतही लेसरचा प्रकाश कणांवरून विखुरतो आणि त्याचा अल्पसा अंश संवेदकावर पडतो. तेथेही संवेदकाची घट कणांची घट म्हणून वाचली जाईल, आणि दूषित हवा स्वच्छ ठरेल. दिल्लीसारख्या शहरात ही चूक साधी म्हणता येणार नाही.

आणि पेरोव्स्काइटला नेमके काय सोसत नाही? पाणी, उष्णता आणि दीर्घकाळचा प्रखर उजेड. दमट हवेत तो फुगतो, मग त्याचे विघटन होऊन शिशाचे पिवळे आयोडाइड मागे राहते. सुमारे ८५ अंशांवर कोरड्या जागीसुद्धा मेथिलअमोनियम हळूहळू निघून जाते. सुटलेले आयोडीन चांदीच्या विद्युत्‌अग्राला कुरतडते. सेंद्रिय पाहुण्याच्या जागी सीझियम बसविले, कडा काचेने बंद केल्या, तर आयुष्य पुष्कळ वाढते. परंतु प्रबंधांतून वाचावयास मिळणारे बहुतेक आकडे नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत किंवा वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या नमुन्यांचे असतात, आणि ते काही दिवसांचे वा आठवड्यांचे असतात. दिल्लीचा जून ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि उन्हात ठेवलेल्या काळ्या पृष्ठभागाचे तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. पाठोपाठ ओला श्रावण येतो, जानेवारीत धुके आणि काजळी. पटलांसाठी ठरलेली आंतरराष्ट्रीय कसोटी ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यांत एक हजार तास ठेवण्याची आहे. संवेदकांना तीही पुरेशी नाही, कारण त्या कसोटीत पाच टक्क्यांची घट क्षम्य मानली जाते.

राजधानीच्या परिसरात ही परीक्षा घेण्याची साधने एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे राष्ट्रीय सौरऊर्जा संस्था आहे, तेथे उघड्यावर पटले तपासली जातात. लोदी मार्गावर हवामान खात्याचे मुख्यालय आहे. प्रकाशाचे राष्ट्रीय प्रमाण पुसा परिसरात आहे. बंद काचेतले पन्नास-शंभर संवेदक वर्षभर उन्हापावसात ठेवावेत, शेजारी जुन्या धाटणीचा प्रारणमापक असावा, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक संवेदक प्रमाणाशी ताडून पाहावा. काही संवेदक अंधारात ठेवलेले असावेत, म्हणजे उजेडाने किती घट झाली आणि काळाने किती, हे वेगळे करता येईल. घट सारखी आणि सावकाश होत असेल तर तिची दुरुस्ती गणिताने करता येते. लहरी असेल तर येत नाही. कोणत्या रचनेत ती कोणत्या प्रकारची आहे, याचे उत्तर दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस मिळू लागेल.